आधीच्या मात्रेपासून

मार्च महिन्याच्या पाठकोऱ्या पानावर
चार रंगांत आखलं होतं मी वेळापत्रक :
पाच ते पाच-चाळीस तिरकिट,
मग कायदा, त्याचे पलटे,
सहा-वीसला रेला, सातला लेहऱ्यासोबत तीनताल,
आणि रात्री, हिरव्या शाईत, "जुने सर्व".

गुरुवारपर्यंत टिकलं.
गुरुवारी सातपूरला दुसरी पाळी लांबली,
व्हॉल्व्हच्या पेट्या मोजता मोजता साडेबारा,
आणि शुक्रवारची पहाट
माझ्याविनाच येऊन गेली.

वडनेरे सरांनी चष्मा कपाळावर ढकलून पान वाचलं.
उलटवून मार्चमधल्या चतुर्थ्याही वाचल्या.
म्हणाले, "नाशिकरोडच्या फळ्यासारखं झालंय.
गाड्या सगळ्या आहेत. रूळ कुठायत?"
मग पेन्सिलीने खोडत गेले,
रेला गेला, पलटे गेले,
"जुने सर्व"वर तर दोनदा रेघ.
उरली वीस मिनिटं.
एक तिरकिट, साठच्या लयीत.
"आणि चुकलीस तर सुरुवातीपासून नाही,
चुकलं तिथूनही नाही.
त्याच्या आधीच्या मात्रेपासून.
चूक तिथे होते,
दिसते पुढच्या घरात."

वीस मिनिटं!
मला अपमानच वाटला.
पहिल्या दिवशी लपून पन्नास केली,
मंगळवारी मनगटाने चुगली केली सरांकडे.

आता डग्ग्याच्या डाव्या अंगाला सात चिंचोके.
आवर्तन स्वच्छ गेलं की एक चिंचोका उजवीकडे.
चुकले की मी सातही ओढून परत आणायचे.
सर बघत होते.
"सावकार आहेस का? एकच घे परत."

डिसेंबरात पारा सातावर आला.
तबला चढलेला, बोटं उतरलेली.
कपभर कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं,
तीही मिनिटं विसात धरायची की नाही,
हे विचारायचं राहूनच गेलं.

आमची खोली तांबट लेनमध्ये, वरच्या मजल्यावर.
खाली मुकुंदकाका मठारकाम करतात.
हंडे आता कमी, पाण्याच्या बाटल्या जास्त,
कुणा डॉक्टरने लिहून दिल्यासारखी माणसं येतात न्यायला.
त्यांची हातोडी साडेसातला सुरू होते,
म्हणून माझं सगळं त्याआधी.
एकदा उशीर झाला, दोघांचं एकदमच लागलं,
आणि मध्येच खालची हातोडी थांबली.
"पोरी, दुसरा ठोका पोकळ पडतोय."

त्यांना बोलांची नावं ठाऊक नाहीत.
मी मोजलं : ति, र.
र म्हणजे तर्जनी,
जी सहा वर्षं मी मधल्या बोटाच्या आड
व्यवस्थित लपवत आले होते.

खाली गेले तर त्यांनी एक तांब्या उन्हात तिरका धरला.
"हा बघ, माझा पण आहे. गिऱ्हाइकाला दिसत नाही."
नखाएवढा एक ठोका, इतरांशी फटकून.
"ह्याच्यावरच मारत बसलं तर भोक पडेल.
शेजारून यायचं, हळूहळू."
सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय,
मी मनात म्हटलं, आणि वर आले.

नवं पान आखलेलं नाही.
वहीत रोज एकच ओळ, तारखेसमोर :
"र, बासष्ट, पाच चिंचोके."
"पाळी. दहा मिनिटं, डब्याच्या झाकणावर, बसथांब्याशी."
"रविवार. हात बंद. सरांकडे नुसतं ऐकलं."
"काही नाही." हीसुद्धा एक ओळ असते,
सर तिच्यावर कधी पेन्सिल चालवत नाहीत.

काल सहा उजवीकडे गेले.
सातव्यासाठी हात लावला तर जागा रिकामी,
उंदराने नेला असावा.
पर्समधून रुपया काढून ठेवला तिथे.
आणि त्या गडबडीत र पुन्हा निसटला.
खालून काही आवाज आला नाही.
मी एक मात्रा मागे गेले.